कंटाळ्याचा पंचनामा

श्री. भिकाजीपंत हळबे यांना कंटाळा येईनासा झाला आहे, ही गोष्ट बराच काळ कोणाच्याही, किंबहुना त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात आली नव्हती. मनुष्याचे केस गळतात, दात हलतात, गुडघे कुरकुरतात. या सर्वांची दखल तो वेळच्या वेळी घेतो आणि चारचौघांना ऐकवतोही. परंतु कंटाळ्यासारखी सूक्ष्म वस्तू घरातून नाहीशी झाली, तर तिची वर्दी द्यायची कोणी आणि कोठे?

ती वर्दी चैत्रातल्या एका सकाळी त्यांच्या नातीच्या तोंडून आली, आणि गंमत अशी की आपण वर्दी देत आहोत हे तिलाही ठाऊक नव्हते. मृणाली चहाचा पेला त्यांच्या हाती देत म्हणाली, “आजोबा, पुढच्या महिन्यात माझं लग्न. मंगलाष्टकातला शेवटचा श्लोक तुमचाच हवा. दुसरा कुणाचा मी ऐकून घेणार नाही.”

“म्हणजे काय करशील?”

“अंतरपाटाखालून निघून जाईन.”

नवरदेव सर्वेश जहाजावर अधिकारी होता. महिनाअखेरीस त्याला बोट गाठायची असल्याने मुहूर्त पुढे ढकलण्याची सोय नव्हती. वैशाखातला दुसरा गुरुवार, सकाळी अकरा वाजून सात मिनिटे.

भिकाजीपंत निश्चिंत होते. हळबे कुळातल्या प्रत्येक विवाहासाठी त्यांनी एकेक श्लोक रचला होता. असे सत्तावीस श्लोक, सर्व शार्दूलविक्रीडित वृत्तात, आणि एकाही वधूला दुसरीची उपमा दिलेली नाही. हे सर्व वाङ्मय त्यांच्या चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत निर्माण झाले होते. दुपारी अडीच ते साडेतीन या वेळात त्यांच्या कार्यालयात जो कंटाळा उपलब्ध असे, त्याच्या शुद्धतेला तोड नव्हती. वर पंखा, खाली फायली, समोर भिंत. त्या भिंतीकडे पाहता पाहता गण आपोआप जुळत. निवृत्तीनंतर घरात लग्नच निघाले नव्हते, त्यामुळे ती भिंत आपण मागे ठेवून आलो आहोत, हे त्यांना कळण्याचे कारण नव्हते.

त्या दिवशी त्यांनी वहीच्या कोऱ्या पानावर ‘श्री’ काढला. तेवढ्यात मुलाने, म्हणजे मृणालीच्या वडिलांनी, निलेशने निवृत्तीची भेट म्हणून दिलेला मोबाईल थरथरला. कोणी सुप्रभात चिंतिले होते. सुप्रभाताला उत्तर न देणे असंस्कृतपणाचे, म्हणून ते दिले. त्याखाली कोठल्याशा बर्फाळ देशातला एक गृहस्थ लाकडी होडी दुरुस्त करीत होता. भिकाजीपंतांपाशी होडी नव्हती, बर्फ तर नव्हताच. तथापि ती होडी पाण्याला लागेपर्यंत त्यांच्याने उठवेना. होडी तरंगली तेव्हा सावित्रीबाई जेवायला हाका मारीत होत्या आणि पानावर एकटा ‘श्री’ होता.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी निलेश लोटे गावच्या कारखान्यातून सुट्टीला आला. वडिलांची अडचण ऐकून तो मोबाईलशी दोन वाक्ये बोलला आणि चहा निवण्याच्या आत त्याने आठ श्लोक वडिलांपुढे धरले.

“घ्या बाबा. आठच्या आठ. वृत्तात आहेत म्हणतो.”

“कोण म्हणतो?”

“हाच.”

भिकाजीपंतांनी चष्मा पुसला आणि प्रत्येक चरणाची अक्षरे बोटांच्या पेरांवर मोजली. एखादा लघू गुरूच्या जागी सापडता, तर त्यांना त्या दिवशी जेवण गोड लागले असते. सापडला नाही. वधू चंद्रिका होती, वर भास्कर होता, दोन्ही कुळांचा गंगा-यमुनांसारखा संगम होत होता. शिवण सैल ठेवलेल्या पोलक्याप्रमाणे ते श्लोक कोणत्याही मुलीला आले असते.

“छान आहेत की!” सावित्रीबाई म्हणाल्या.

हे तीन शब्द ऐकताच भिकाजीपंत उठले. त्यांनी स्वतःचा मोबाईल उचलला, स्वयंपाकघरात नेला आणि तांदळाच्या डब्यात पुरला. आपल्याला श्लोक सुचत नाही, कारण आपल्याला कंटाळा येत नाही, हे निदान त्यांनी स्वतःच केले होते. आता केवळ कंटाळण्याचा अवकाश होता.

तो अवकाश घरात मिळणार नाही, हे त्यांना अर्ध्या तासातच उमगले. गृहस्थाच्या हाती मोबाईल असला की घरातली माणसे त्याला कामात आहे असे समजतात. तोच गृहस्थ भिंतीकडे पाहत बसला, की तो मोकळा ठरतो.

“रिकामेच बसलात ना? मग एवढी आमसुलं उन्हात घाला,” सावित्रीबाई म्हणाल्या.

“मी रिकामा नाही. मी कंटाळण्याचा प्रयत्न करतो आहे.”

“आमसुलं घालता घालता कंटाळा. मला रोज येतो.”

आमसुलांनंतर आंब्याच्या पेटीसाठी गवत आले, गवतानंतर माळ्यावरची भांडी. शेवटी भिकाजीपंतांनी घर सोडण्याचा निर्णय घेतला. फार दूर नव्हे. घरामागच्या परड्याच्या टोकाला, जिथे मालगुंडकडे जाणारा रस्ता वळतो, तिथे उंडीचे एक जुने झाड होते. गोठ्यामागे पडलेले जांभ्याचे दोन चिरे त्यांनी स्वतःच्या हाताने लोटत तेथवर नेले. एकावर बसायचे, दुसऱ्यावर वही. एकही माणूस काम सांगणार नाही अशी ती जागा पाहून त्यांना कृतकृत्य वाटले.

पहिल्याच सकाळी शेजारचे महिपत आले. महिपत निवृत्त तांडेल. समुद्रावर चाळीस वर्षे होडी हाकली असल्यामुळे जमिनीवरच्या कोणत्याही संकटात आपण मार्ग दाखवू शकतो, अशी त्यांची श्रद्धा होती.

“काय वो काका, हितं का बसलाव? वैनींशी काय झाला काय?”

“काही झाले नाही.”

“छातीत कळ?”

“नाही.”

“मोबाईल बिघडलाय?”

“तांदळाच्या डब्यात आहे.”

“म्हंजे पाण्यात पडला!” महिपतांना कारण सापडल्याचा आनंद झाला. “तरीच! तीन दिवस काढू नका. सुकतो.”

संध्याकाळपर्यंत वाडीच्या व्हॉट्सॲप समूहावर हळबेकाकांविषयी सव्वीस संदेश आले. थायरॉईड तपासावा, बी-बारा घ्यावे, एकट्याला सोडू नये. सव्वीसही संदेश तांदळात वाजले. सावित्रीबाईंनी त्या रात्री भात वैरायला डबा उघडला तेव्हा त्या किंचाळल्या, आणि त्या किंचाळीचा सत्ताविसावा संदेश झाला.

तरीही तिसऱ्या दिवशी कंटाळा येण्याची चिन्हे दिसू लागली. भिकाजीपंतांचे डोळे अर्धवट मिटले, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला, आणि ओठ वृत्ताचे गण पुटपुटू लागले: म, स, ज, स, त, त, ग. नेमक्या त्याच वेळी सगुणाबाई मासळीची पाटी घेऊन रस्त्याने जात होत्या. झाडाखाली नवे चिरे, त्यांवर ताठ बसलेला वयस्क ब्राह्मण, मिटलेले नेत्र, पेरांवर अंगठा. सगुणाबाई थबकल्या, मनोमन हात जोडले आणि पुढे गेल्या. त्या दिवशी वाडीची अर्धी घरे होण्याआधीच त्यांची पाटी रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी वहीच्या चिऱ्यावर जास्वंदीचे फूल होते.

“सगुणाबाई, हे काय?”

“तुमी बसा काकांनू. मी काय बोलत नाय.”

कोकणात झाडाखाली दगड आणि दगडावर फूल एवढी सामग्री जमली की पुढचे कार्य आपोआप होते. फुलाला नारळ मिळाला, नारळाला उदबत्ती, उदबत्तीला तांबडे निशाण. कोणाची तरी हरवलेली शेळी परत आली. शेळ्या परत येतच असतात, परंतु ही शेळी सकाळी दहाला, भिकाजीपंत बसले असताना परत आली. सहाव्या दिवशी ते पोहोचले तर दहा-बारा माणसे उभी होती आणि महिपत हात जोडून गाऱ्हाणे घालीत होते:

“बा महाराजा, हितं येवून बसलास, वाडीची राखण कर रं महाराजा!”

“होय महाराजा!” मंडळींनी साथ दिली.

“अहो महिपत,” भिकाजीपंत कळवळून म्हणाले, “हे चिरे मी गोठ्यामागून आणले! माझ्या कमरेला विचारा!”

महिपतांनी समजूतदारपणे मान हलवली. “तुमी आणला नाय, काका. त्येनं तुमच्याकडून आणवून घेतला.”

न्यायशास्त्रात न बसणारा हा युक्तिवाद ऐकून भिकाजीपंत सरळ चिऱ्यांकडे वळले. चिरे उचलून नेतो म्हटल्यावर सगुणाबाई आडव्या झाल्या; बसलेला दगड देवाला कौल लावल्यावाचून हलवायचा नसतो. आणि कंटाळ्याचे काय सांगावे! ज्याच्यापुढे माणसे रांगेत उभी राहून शेळी, कर्ज आणि जावई यांविषयी विचारतात, त्याला कंटाळा कोठून येणार? वहीत अजूनही ‘श्री’च होता, आणि तोही आता प्रासंगिक वाटू लागला होता.

लग्नाला आठ दिवस उरले असताना ग्रामपंचायतीचा कागद आला. ‘आपण रस्त्यालगत अनधिकृत धार्मिक स्थळ उभारल्याचे निदर्शनास आले असून, खुलाशासाठी गुरुवारी सकाळी अकरा वाजता तालुक्याच्या ठिकाणी समक्ष हजर राहावे.’ गुरुवार तोच. अकरा वाजून सात मिनिटांनी नातीच्या डोक्यावर अक्षता पडणार होत्या, आणि आजोबा तालुक्याच्या बाकावर देवत्वाचा खुलासा करीत बसणार होते.

ते तडक ग्रामसेविका योगिनी यांच्याकडे गेले. योगिनी तरुण, मनाने चांगल्या आणि संगणकापुढे हतबल होत्या.

“आजोबा, सुनावणी टाळायची तर इथूनच खुलासा पाठवते. जागेच्या वापराचं प्रयोजन सांगा.”

“काही नाही.”

“काही नाही असं घेत नाही. यादीतून निवडावं लागतं. देवालय, सभामंडप, व्यायामशाळा, स्मशानशेड, विरंगुळा केंद्र...”

“विरंगुळा नको, बाई. विरंगुळ्यापासूनच तर पळालो आहे. कंटाळा आहे का पाहा.”

योगिनींनी खरोखर पाहिले. “नाही. ‘इतर’ करू? मग स्पष्टीकरण द्यावं लागेल.”

भिकाजीपंतांनी चौतीस वर्षे हीच भाषा लिहिली होती. त्यांनी डोळे मिटून सांगितले, “अर्जदार सदर ठिकाणी बसून काहीही करीत नाही.”

“वा! आता याला पुरावा जोडा.”

“काहीही न करण्याचा?”

“हो. नाहीतर अर्ज पुढे सरकत नाही.”

ज्या वाक्याने त्यांनी अर्धा जिल्हा परत पाठवला होता, ते वाक्य आज खिडकीच्या या बाजूला उभे राहून ऐकताना भिकाजीपंतांना स्वतःच्या कारकिर्दीविषयी प्रथमच थोडी लाज वाटली. अखेर योगिनींनीच उपाय काढला. प्रत्यक्ष जागेवर अर्धा तास पंचनामा करायचा. त्या अर्ध्या तासात काहीही घडले नाही, असे दोन पंचांनी सही करून सांगितले, की प्रकरण मिटले. पंच म्हणून महिपत आणि सगुणाबाई ठरले. कारण ज्यांनी देव बसवला, त्यांनीच तो नाही म्हणणे अधिक ग्राह्य.

सोमवारी सकाळी दहा वाजता पंचनामा सुरू झाला. निशाण, नारळ बाजूला ठेवले गेले. योगिनींनी एक कापडी पिशवी पुढे केली.

“सगळ्यांनी मोबाईल यात टाका. मागच्या पंचनाम्यात एकाने सगळं थेट दाखवलं आणि पंच बघणाऱ्यांना उत्तरं देत बसले. माझाही टाकते.”

चौघे उंडीखाली बसले. पहिली पाच मिनिटे महिपत रिकाम्या खिशावर हात मारीत होते. सगुणाबाईंनी दोनदा पदर सारखा केला. दहाव्या मिनिटाला योगिनींनी जांभई दिली आणि ‘जांभई’ नोंदवावी की काय, या विचारात पेन थांबवले. एक मुंगळा चिऱ्यावर चढला, उतरला, पुन्हा चढला. चौघांनीही त्याला आदराने पाहिले. वाऱ्याने उंडीचे पान पडले. पंधराव्या मिनिटाला वेळ अशी काही जड झाली, की ती हाताने ढकलावी लागेल असे वाटू लागले.

आणि मग महिपत, कोणाकडेही न पाहता, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “मृणाली बारीक होती ना, काका, तवा मे महिन्यात तुमच्या आढीपाशी बसायची. एकेका आंब्याला नाव ठेवलान होतान. मी एक उचलला, त्याचा नाव नाना, तर रडली. म्हणे, नाना अजून पिकला नाय.”

“माज्याकडून पापलेटाची नावं इचारून घेयाची,” सगुणाबाई म्हणाल्या. “मी म्हटला, त्यांना नावं नसतात गो. तर म्हणे, मग ती एकमेकांना हाक कशी मारतात?”

योगिनी हसल्या. भिकाजीपंत हसले नाहीत. त्यांच्यापुढे ती दुपार उभी राहिली: आंबे पिकत घातलेल्या गवताचा वास, चार वर्षांची पोर, आणि आढीतल्या आंब्यांना गोष्ट सांगणारा तो गंभीर स्वर. त्यांचा अंगठा पेरांवर चढला. पहिला चरण अख्खा आला. मग दुसरा. वही घरी राहिली होती.

“लिहून घ्या!” ते ओरडले. “योगिनीबाई, लिहून घ्या!”

“आजोबा, जागेवर जे बोललं जातं ते मला नोंदवावंच लागतं,” असे म्हणून योगिनी लिहू लागल्या. तीन चरण झाले. चौथ्यासाठी भिकाजीपंतांनी तोंड उघडले आणि साडेदहा वाजले. पिशवी उघडली, तिन्ही मोबाईल एकदम कोकलले, आणि चौथा चरण जेथून येत होता तेथे परत गेला.

पंचनामा सीलबंद होऊन दुपारच्या टपालाने तालुक्याला गेला आणि सुनावणी टळली. घरी येऊन भिकाजीपंतांनी वही उघडली, ‘श्री’खाली पेन टेकवले, आणि त्यांच्या ध्यानात आले की तिन्ही चरण त्यांना आठवत नाहीत.

“आठवत नाहीत म्हणजे?” सावित्रीबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

“सुचले ते लिहवून घेतले. लिहवून घेतले की डोके मोकळे होते. ती सरकारी सवय आहे.”

योगिनींपाशी प्रत उरली नव्हती. महिपतांना त्यात आंबा होता एवढे स्मरत होते. सगुणाबाईंना चाल येत होती. कोणी छायाचित्र काढावे तर सर्वांचे मोबाईल पिशवीत होते. उरला एकच मार्ग. भिकाजीपंतांनी प्रमाणित नकलेसाठी अर्ज केला आणि ‘नक्कल कशासाठी हवी’ या रकान्यात ‘मंगलकार्य’ असे लिहिले. मुदत सात दिवसांची होती. लग्न तीन दिवसांवर होते.

गुरुवारी मंगल कार्यालय माणसांनी भरले. गुरुजींनी सात अष्टके म्हटली. आठवे आजोबांचे. अंतरपाटाच्या एका बाजूला सर्वेश, दुसऱ्या बाजूला मान खाली घातलेली मृणाली, आणि माईकपाशी रिकाम्या हातांनी उभे भिकाजीपंत. निलेश मागून कुजबुजला, “बाबा, आठही तयार आहेत. चंद्रिकावालं लावू?”

भिकाजीपंतांनी नातीकडे पाहिले. तिने मान वर केली. त्या नजरेत, ती खरोखरच अंतरपाटाखालून निघून जाईल असे काहीतरी होते.

तोच दारातून योगिनी धावत आल्या. खांद्यावर पर्स, हातात कागद. “आजोबा! आत्ता दिली तालुक्यानं. सत्यप्रत आहे, सही-शिक्का तपासून घ्या!”

शिक्का तपासण्यास वेळ नव्हता. अकरा वाजून पाच मिनिटे झाली होती. भिकाजीपंतांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि सुरावर घेतले:

आढीतील फळांस नाव दिधले एकेक जीने सुखे
कंटाळ्यात दुपार गोड करुनी गोष्टी तयांना कथी

अंतरपाटाआड मृणाली खळखळून हसली. नवरीने हसावे की नाही याविषयी शास्त्र मौन पाळते. तिची आई मात्र डोळे वटारीत होती, आणि वटारलेल्या डोळ्यांतूनच पाणी काढीत होती.

ती कन्या निघते घरास दुसऱ्या घेऊन ते हासणे

आणि येथे श्लोक संपला. चौथा चरण सोमवारपासून आलाच नव्हता. वाजंत्र्यांनी काठी उचलली होती, शेकडो मुठी अक्षतांनी मिटल्या होत्या, सूर घशात लांबत चालला होता. भिकाजीपंतांची नजर कागदावर खाली घसरली. तेथे योगिनींच्या अक्षरात पंचनाम्याचे पुढचे वाक्य होते: ‘सदरचा पंचनामा आम्हां पंचांसमक्ष वाचून दिला, तो बरोबर आहे.’ सत्तावीस विवाहांचा अंगठा पेरांवरून एकदा फिरला. काही अक्षरे गळली, एक दीर्घ ऱ्हस्व झाला, आणि भिकाजीपंतांच्या तोंडून, कोठेही न अडखळता, चौथा चरण निघाला:

आम्हां पंच समक्ष वाचुन दिले, कुर्यात् सदा मंगलम्!

मग तिसऱ्या रांगेतून महिपत उठले. सगुणाबाईही उठल्या. दोघांनी हात वर केले, आणि भर समुद्रात हाक पोहोचवणाऱ्या आवाजात महिपत गरजले,

“बरोबर हाय!”

अंतरपाट दूर झाला.